‘क्रिएट’ या क्रियापदाची कुळकथा

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्याकडे अभिप्रायार्थ एक लहानसें ओवीबद्ध पुस्तक आलें. नल-दमयंतीची तीच जुनी कथा. लेखक एक सेवानिवृत्त शिक्षक. लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या त्यांच्या कानांत राहिल्या होत्या, आणि त्यांच्या आधारानें त्यांनीं सारें आख्यान पुन्हा रचलें होतें. आम्हीं तें पुस्तक चाळलें (वाचलें असें म्हणण्याचें धैर्य आतां होत नाहीं) आणि चार ओळींचा अभिप्राय लिहून मोकळे झालों. त्यांत एक वाक्य असें होतें कीं, ‘रचना सफाईदार आहे, परंतु हिला निर्मिति म्हणतां येणार नाहीं.’ अंक प्रसिद्ध झाल्यावर आठ दिवसांनीं लेखकाचें पत्र आलें. त्यांत रागाचा एकहि शब्द नव्हता. ‘निर्मिति कशास म्हणतात तें कळविण्याची कृपा व्हावी, म्हणजे पुढील पुस्तकाचे वेळीं काळजी घेतां येईल,’ एवढाच मजकूर.

उत्तर लिहावयास बसलों आणि लेखणी अडली. तो अभिप्राय लिहितांना ‘निर्मिति’ या शब्दानें आम्हांस नेमकें काय म्हणावयाचें होतें हें आठवून पाहिलें, तेव्हां ध्यानांत आलें तें असें कीं, त्या वेळीं आमच्या मनांत मराठी शब्द नव्हताच. तेथें इंग्रजीचें ‘क्रिएट’ हें क्रियापद ठाण मांडून बसलें होतें. ‘निर्मिति’ हा त्याचा नुसता अंगरखा. ज्या शब्दाच्या जोरावर आम्हीं एका वृद्ध गृहस्थांचें काम बाजूस सारलें, त्याचें कूळ आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. तें आतां विचारलें. त्या चौकशीची ही हकीकत.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास आरंभींच भेटतें तें ‘मेक’. चहा ‘मेक’ करावयाचा, अंथरूण ‘मेक’ करावयाचें, पैसा, चूक, तह, युद्ध, गडबड, मैत्री हीं सर्व त्याच एका क्रियापदाच्या पदरीं. दुसऱ्यास रडविणें आणि हंसविणें हेंहि त्यानेंच करावयाचें. घरांतल्या कर्त्या बाईप्रमाणें तें सर्वत्र राबतें आणि त्याचें कोणास कौतुक वाटत नाहीं. ‘क्रिएट’ला मात्र चहाच्या भांड्याला हात लावतां येत नाहीं. जाहिरातदारांनीं अलीकडे त्यास स्वयंपाकघरांत नेलें आहे खरें, पण साधा इंग्रज अजून चहा ‘मेक’च करतो. ‘क्रिएट’चीं कर्में पाहावींत तर निराळींच दिसतात: चांगला-वाईट ग्रह, गोंधळ, अडचण, रिकामी जागा, नवें पद, पायंडा. ज्यांना हात-पाय नाहींत, वजन नाहीं, अशा वस्तूंवर त्याचा विशेष लोभ. रंगभूमीवर एखाद्या नटानें एखादी भूमिका ‘क्रिएट’ केली असें म्हणतात, तेव्हां ती त्यानें लिहिली असा अर्थ नसतो. नाटकाच्या पहिल्या प्रयोगांत ती त्यानें प्रथम केली, एवढाच असतो. आणि विलायतेंतील घरगुती बोलींत तर हें क्रियापद कर्मावांचूनहि चालतें. ‘उशीर झाला तर आई क्रिएट करील’ याचा अर्थ आई कांहीं काव्य करील असा नव्हे; ती थयथयाट करील असा आहे.

या सर्व प्रयोगांच्या मुळाशीं काय आहे तें एका जुन्या राजकीय प्रयोगावरून चांगलें उमगतें. इंग्लंडचा राजा उमराव ‘मेक’ करीत नाहीं असें नाहीं. पण कायदेशीर भाषा ‘क्रिएट’ची. १७१२ च्या वर्षारंभीं ॲन राणीनें एकदम बारा नवे उमराव ‘क्रिएट’ केले. फ्रान्सशीं चाललेलें युद्ध थांबवून तह करावा असें तिच्या मंत्र्यांचें मत होतें आणि उमरावांच्या सभेंत बहुमत विरुद्ध होतें; मतें पुरीं पडावींत एवढ्यासाठीं हा बाराजणांचा जन्म. पुढें १८३२ सालीं आणि १९११ सालीं असे घाऊक उमराव ‘क्रिएट’ करण्याच्या नुसत्या धाकानेंच काम भागलें. आतां येथें लांकूड नाहीं, सूत नाहीं, छिन्नी-हातोडा नाहीं. काल हे गृहस्थ उमराव नव्हते. आज मुद्रा उमटली आणि ते उमराव झाले. ‘क्रिएट’चा स्वभाव हाच आहे. त्यास हुकुमाचा वास आहे, आणि ‘मेक’ला हाताचा.

हा हुकुमी बाणा या शब्दास जन्मतः मात्र नव्हता. लॅटिनमधील ‘क्रेआरे’ हें ‘वाढणें’ या अर्थाच्या धातूचें भावंड. धान्याची देवता सेरेस हीहि त्याच गोत्रांतली मानतात. वाढविणें, उपजविणें हा मूळ अर्थ. शेतकऱ्याचा शब्द म्हणावयाचा! रोमन लोकांनीं तो राजकारणांत नेला आणि कॉन्सल निवडण्यास ते ‘क्रेआरे’ म्हणूं लागले. परंतु लॅटिनच्या धाकट्या लेकींनीं जुना अर्थ टाकला नाहीं. पोर्तुगीज भाषेंत ‘क्रिआर’ म्हणजे उत्पन्न करणें आणि लेंकरूं वाढविणें हीं दोन्ही. आणि ‘क्रिआदु’ म्हणजे चाकर, मूळचा घरांत वाढविलेला. गोमंतकांतील ज्या वाचकांस ती भाषा अवगत आहे त्यांना हें सांगावयास नको. एकाच शब्दाच्या एका शाखेस सिंहासन मिळालें आणि दुसरीस पाळणा.

इंग्रजींत या शब्दाचें बस्तान बसलें तें बायबलाच्या पहिल्याच वाक्यावर, आणि तेंहि सावकाश. इसवी सनाच्या १००० च्या सुमारास ईल्फ्रिकनें उत्पत्तीचें प्रकरण जुन्या इंग्रजींत उतरविलें, तेव्हां देवानें आकाश व पृथ्वी यांचें जें केलें त्यास त्यानें आपल्या भाषेंतला देशी शब्द वापरला; आजचें ‘शेप’, म्हणजे आकार देणें, तें त्याच धातूचें. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विक्लिफच्या मंडळींनीं लॅटिनवरून भाषांतर केलें, त्यांनाहि ‘क्रिएट’ घेववेना. त्यांनीं ‘मेक’च घेतलें, पण त्यापुढें ‘शून्यांतून’ अशा अर्थाची पुस्ती जोडली. त्यांची अडचण स्पष्ट आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रांत दुसऱ्या शतकापासून असा सिद्धांत दृढ होत आला होता कीं, देवानें सृष्टि कोणत्याहि उपादानावांचून, केवळ शून्यांतून उत्पन्न केली. आणि ‘मेक’ म्हटलें कीं ऐकणारा विचारणार, ‘कशाचें?’ १५३० सालीं टिंडेलनें तेथें ‘क्रिएट’ घातलें आणि तो प्रश्नच बंद झाला. १६११ च्या राजमान्य भाषांतरांत पहिल्या अध्यायांत दोन्ही क्रियापदें आलटून पालटून येतात, कारण मूळ हिब्रूंतहि दोन आहेत. त्यांपैकीं ‘बारा’ (आमचा बारा नव्हे) हें त्या ग्रंथांत केवळ देवाच्याच कर्तृत्वास लावलेलें आढळतें. मनुष्यास तें वर्ज्य.

परंतु गंमत पुढेंच आहे. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकांत देवास ‘क्रिएटर’ न म्हणतां आकाशाचा व पृथ्वीचा ‘मेकर’ म्हटलें आहे. आणि ज्या ग्रीक श्रद्धावचनाचें तें भाषांतर, नायसिया येथें ३२५ सालीं ज्याचा पाया घातला गेला, त्यांत त्या ठिकाणीं कोणता शब्द असावा? ‘पोइएटेस्’! करणारा, आणि कवि. ग्रीकांना या दोन अर्थांसाठीं दोन शब्द लागले नाहींत. कुंभार मडकें करतो तेंहि त्याच धातूनें, होमर महाकाव्य करतो तेंहि त्याच धातूनें, आणि देव पृथ्वी करतो तेंहि त्याच.

इंग्रज कवींनाहि प्रदीर्घ काळ हेंच नांव भूषणावह वाटलें. स्कॉटलंडांत पंधराव्या-सोळाव्या शतकांत कवीस ‘मकार’ म्हणजे करणारा म्हणत. विल्यम डन्बार यानें आपल्या दिवंगत कविबांधवांवर जो विलाप लिहिला तो ‘मकारां’वरचाच. हा शब्द मेला असें मात्र कोणी समजूं नये. २००४ पासून त्या देशाचा राष्ट्रीय कवि याच पदवीनें नेमला जातो. सर फिलिप सिडनीचें काव्यसमर्थन १५९५ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, छापलें गेलें. ग्रीक नांवाचा अर्थ ‘मेकर’ असा असून आम्हां इंग्रजांनीं दैवानें वा शहाणपणानें त्याच अर्थाचें नांव राखलें याचा सिडनीस केवढा अभिमान! १५८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पटनमच्या काव्यशास्त्राचा आरंभहि याच व्युत्पत्तीनें होतो. मात्र पटनम लगेच पुढें जाऊन कवीची देवाशीं तुलना करतो, आणि तेथें ‘शून्यांतून’ हा शब्द हळूच आंत शिरतो. घरांत पाहुणा आला तो असा.

शेक्सपियर या पाहुण्यापासून सावध दिसतो. मॅक्बेथला अंधारांत जो खंजीर दिसतो त्यास तो ‘क्रिएशन’ म्हणतो खरा, परंतु खोटी, तापलेल्या डोक्यानें उठविलेली. कवीची लेखणी वाऱ्यावरच्या शून्यास रूप व ठावठिकाणा देते, हें वर्णनहि त्याच्याच एका नाटकांत आहे. पण तें ज्या ड्यूकच्या तोंडीं घातलें आहे त्याचा कवींवर विश्वास नाहीं, आणि तो कवीस वेड्यांच्या व प्रेमिकांच्या रांगेंत बसवीत आहे, हें आमचे टीकाकार तें वचन उद्धृत करतांना सहसा सांगत नाहींत. शिवाय शेक्सपियरची स्वतःची रीत पाहा. राजांचीं नाटकें होलिनशेडच्या बखरीवरून. रोमन नाटकें नॉर्थनें १५७९ सालीं केलेल्या प्लुटार्कच्या भाषांतरावरून. क्लिओपात्राची नौका नदींतून येते त्या प्रसिद्ध वर्णनाशेजारीं नॉर्थचें गद्य ठेवून वाचावें: पाल, वल्हीं, वाद्यें, सुवास, पंखे घेऊन उभीं असलेलीं मुलें, जवळजवळ सर्व सामान तेंच. आणि तरीहि एक बखर आहे, एक काव्य. कोठें बदललें म्हणून बोट ठेवूं जावें तर कधीं एक क्रियापद सांपडतें, कधीं एक विशेषण. वारा त्या पालांच्या प्रेमांत पडतो, पाणी वल्ह्यांच्या मागें लागतें. आमच्या त्या अभिप्रायाचें माप लावलें असतें तर या उताऱ्यासहि ‘रचना सफाईदार’ हाच शेरा मिळाला असता.

मग ‘क्रिएट’नें ‘मेक’ला काव्याच्या घरांतून बाहेर केव्हां काढलें? अठराव्या शतकांत. योगायोग असा कीं, ज्या १७१२ सालीं राणीनें बारा उमराव उत्पन्न केले, त्याच वर्षीं ॲडिसननें ‘स्पेक्टेटर’ पत्रांत कल्पनाशक्तीच्या आनंदावर आपली निबंधमालिका लिहिली आणि शेवटीं म्हटलें कीं, या शक्तींत सृष्टि उत्पन्न करण्यासारखें कांहीं आहे. १७५९ मध्यें एडवर्ड यंगनें स्वतंत्र लेखन आणि अनुकरण यांच्यामध्यें भिंत घातली. १८१७ मध्यें कोलरिजनें कल्पनाशक्तीस ईश्वराच्या सनातन सर्जनाचा मानवी मनांतील पडसाद ठरविलें. आमच्या मतें या पालटाचें एक कारण अगदीं व्यावहारिक आहे. १७१० सालीं इंग्लंडांत ग्रंथकाराच्या हक्काचा पहिला कायदा अमलांत आला. आश्रयदात्याच्या जागीं पुस्तकविक्या आला. माझें पुस्तक ही माझी मालमत्ता असें म्हणावयाचें, तर ती दुसऱ्या कोणाच्या शेतांत उगवली नाहीं हेंहि दाखवावें लागतें. आणि शून्यांतून उत्पन्न केलेल्या वस्तूवर शेजाऱ्याचा दावा पोंचत नाहीं. कोलरिजवर मात्र अन्याय नको. कवीची कल्पना आधीं वितळविते, विखुरते, आणि मग पुन्हा घडविते, असें तोच सांगतो. वितळवावयास आधीं धातु हवा, हें तो विसरला नव्हता. विसरले ते त्याचे वाचक.

पुढची कथा फार भराभर घडली. ‘क्रिएटिव्हिटी’ हें भाववाचक नाम १८७५ च्या सुमारास शेक्सपियरच्याच चर्चेंत दिसतें. १९५० सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अध्यक्षपदावरून गिलफर्डनें त्यावर भाषण केलें आणि तें मोजण्याच्या कसोट्या निघूं लागल्या. १९९८ मध्यें ब्रिटिश सरकारनें ‘क्रिएटिव्ह’ धंद्यांची मोजदाद करून जाहिरात, पोशाख आणि संगणकाच्या आज्ञावल्या यांना काव्याच्या पंगतीस बसविलें. आज आमच्या घरांतील पोरेंहि टेलिफोनवर खातें ‘क्रिएट’ करतात, आणि चित्रफीत काढणारा प्रत्येकजण ‘क्रिएटर’. हिशेबनिसानें आंकडे फिरविले तर त्यास ‘क्रिएटिव्ह अकौंटिंग’ म्हणतात. शून्यांतून नफा काढणें हेंच त्याचें कौशल्य, तेव्हां शब्द तेथें नेमका बसतो हें कबूल केलें पाहिजे.

आतां आमच्या घराकडे वळूं. ‘निर्मिति’ हा शब्द आम्हीं इंग्रजांकडून घेतला नाहीं. अकराव्या शतकांतील मम्मटानें काव्यप्रकाशाच्या मंगलाचरणांतच कविवाणीच्या निर्मितीचा जयजयकार केला आहे, आणि ती विधात्याच्या नियमांनीं बांधलेली नाहीं असें म्हटलें आहे. त्याच्या पूर्वीं आनंदवर्धनानें काव्यसंसारांत कवीस प्रजापतीचें आसन दिलें. अभिनवगुप्तानें प्रतिभेस अपूर्व वस्तु घडविण्यास समर्थ अशी प्रज्ञा म्हटलें. तेव्हां कोणी म्हणेल कीं, तुमच्या अभिप्रायास स्वदेशी आधार भरपूर आहे; उगाच इंग्रजी क्रियापदावर खापर कां फोडतां? हा आक्षेप आम्हांस बरेच दिवस छळीत होता.

परंतु त्या शब्दांच्या आंत पाहिलें म्हणजे निराळेंच दिसतें. ‘निर्मा’ यांतील ‘मा’ हा मोजण्याचा धातु. मान, मात्रा, प्रमाण हे त्याचेच वंशज. निर्माता तो, जो मापून घडवितो. सुताराच्या हातांतील गज त्याच्याहि हातांत आहे. ‘सृज्’ या धातूचा मूळ अर्थ तर सोडणें, मोकळें करणें. ज्या धातूची सृष्टि त्याच धातूचें विसर्जन; भाद्रपदांत आम्ही गणपति पाण्यांत सोडतों तेव्हांहि तोच धातु उच्चारतों. मुंडकोपनिषदांत अक्षरापासून विश्व कसें होतें हें सांगतांना कोळ्याचा दृष्टांत आहे, आणि क्रियापद हेंच. कोळी जाळें सोडतो तें शून्यांतून नव्हे. आपल्या पोटांतून, आणि पुन्हा आंत घेतो. नसलेल्यांतून असलेलें कसें होईल, हा छांदोग्यांतील प्रश्न प्रसिद्धच आहे. तैत्तिरीयांत उलट बोल ऐकूं येतो, आणि कार्य हें कारणांत आधींपासून असतें ही सांख्यांची गोष्ट नैयायिकांस मान्य नाहीं, हें आम्ही जाणतों. पण घट नवा मानणारा नैयायिकसुद्धां माती मागतोच. प्रजापतीच्या जोडीस बसविलेला आमचा कवि हा असा मातीवाला कवि आहे. आनंदवर्धनानेंच पुढें सांगितलें आहे कीं, वसंत येतांच तींच झाडें नवीं दिसतात, तसे जुनेच अर्थ रसाच्या संगतीनें नवे होतात. त्याचें ‘अपूर्व’ तें हें.

जुन्या मराठीस या बाबतींत कसलाच संकोच नव्हता. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं जी काळ सांगणारी ओवी आहे, तींत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं टीका ‘केली’ असेंच साधें क्रियापद आहे. आणि ती गीतेवरची टीका आहे, तिचा आधार पहिल्यापासून शेवटपर्यंत मान्य केलेला आहे. रघुनाथ पंडितानें नल-दमयंतीचें स्वयंवर मराठींत आणलें, तेव्हां त्याच्यापुढें महाभारत होतें आणि श्रीहर्षाचें नैषधहि होतें. त्यानें तें लपविण्याचें कारण नव्हतें, कोणी विचारणारहि नव्हता. आमच्या विद्यालयांत कोलरिज शिकविला जाऊं लागल्यावर ‘निर्मिति’च्या अंगांत ‘क्रिएट’चें वारें शिरलें, आणि मग आख्यानकार, टीकाकार, रूपांतरकार, ओव्या जुळविणाऱ्या आज्या हीं सर्व मंडळी एका रेघेखालीं गेलीं. रेघ मारणाऱ्यांत आम्हीहि होतों.

तरी एक कबुली द्यावयास हवी. सर्व आख्यानें सारखीं नसतात. पुष्कळांत जुनें सूत जुन्याच विणीनें पुन्हा विणलेलें असतें, आणि तीं वाचतांना झोंप येते. त्यांना बरें म्हणण्याचा आमचा विचार नाहीं. पण त्यांचा दोष ‘शून्यांतून आलें नाहीं’ हा नव्हे; हात लागला नाहीं, हा आहे. हें ठरवावयाचें तर पुस्तक वाचावें लागतें. ‘निर्मिति नाहीं’ म्हणावयास तें चाळलें तरी पुरतें. त्या शब्दाची आम्हां अभिप्रायकारांस भूल पडली ती बहुधा त्याच्या या सोयीमुळेंच.

म्हणून आम्हीं तें ओव्यांचें पुस्तक पुन्हा काढलें, आणि या वेळीं एका बैठकीस एकच प्रकरण असें वाचलें. वनांतला प्रसंग आला. नलाचें वस्त्र पक्ष्यांनीं उडवून नेलें आहे, दोघांत मिळून एकच वस्त्र उरलें आहे, दमयंती निजली आहे, आणि नल तिला टाकून जावयास उठला आहे. महाभारतांत तो तेथें पडलेल्या तरवारीनें वस्त्राचा अर्धा भाग कापून घेतो आणि निघतो. आमच्या शिक्षकांच्या ओवींत दमयंतीच्या अंगावर दंड घातलेलें लुगडें आहे. निषधाच्या राणीस तें कोठून, असें म्हणून आम्हीं पहिल्यानें मनांत हंसलोंहि असूं. येथें नल अंधारांत बोटांनीं तो दंड चांचपीत राहतो, आणि तरवारीचें टोंक शिवणीच्या दोऱ्यांतूनच फिरवितो, कापडास धक्का लागूं देत नाहीं. सोडून जाणाऱ्या माणसानें एवढें जपलेलें आम्हीं संस्कृतांत वाचलें नाहीं, रघुनाथ पंडितांतहि वाचलें नाहीं. ही ओवी आजीची कीं नातवाची, हें विचारणारें पत्र आम्हीं काल टपालांत टाकलें. पहिल्या अभिप्रायाबद्दल जें लिहावयाचें तें त्याच पत्रांत लिहिलें आहे, आणि पुस्तकाचा सविस्तर परामर्श पुढील अंकीं घेऊं.